उजव्या हाताची शेगडी

घर शेवटचं बघून घ्यावं म्हणून गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. गॅसची तांब्याची नळी उजव्या बाजूच्या भिंतीतून बाहेर आली होती. डाव्या बाजूला मोरी होती आणि तिच्यावर चकचकीत नळ. मधला कट्टा मी सांगितला होता तसाच बुटका, बसून काम करायचा, काळ्या कडप्प्याचा, कडा घासून गोल केलेल्या. काम सुबक होतं. फक्त सगळं उलटं होतं, आणि रजिस्ट्री आठवड्यावर आली होती.

बिदरच्या मैलूर भागातल्या त्या गल्लीत एकसारखी चार घरं ओळीनं उभी आहेत. आपण चुकून भलत्याच घरात शिरलो असू, असं मला खरंच वाटलं. बाहेर येऊन वॉचमनला विचारलं. त्यानं फाटकावर खडूनं लिहिलेलं माझं नाव दाखवलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की जणू एवढं शिकलेल्या बाईला स्वतःचं घरसुद्धा ओळखता येईना. मी पुन्हा आत गेले. नळी उजवीकडंच होती.

हे एवढं काय मोठं, असं कुणालाही वाटेल. मला आधी अव्वाबद्दल सांगायला हवं.

माझी अव्वा, म्हणजे आई, डावखुरी. जेवायचं उजव्या हातानं, वाढायचं उजव्या हातानं, विभूती लावायची उजव्या हातानं, एवढं तिला लहानपणी मारून-झोडून शिकवलं होतं. पण भाकरी थापायला तिचा डावाच हात पुढं यायचा. लग्न होऊन आमच्या गावी, खटकचिंचोळीला आली तेव्हा घरात चूल उजवीकडं होती, सगळ्यांच्या घरी असते तशी. डाव्या हातावर तोललेली भाकरी अंगावरून उजवीकडं नेऊन तव्यावर टाकताना ती मोडायची. रोज एखादी मोडायची आणि रोज सासू बोलायची. शेवटी अप्पांनी, माझ्या वडिलांनी, एका दुपारी गवंडी बोलावला, चूल उखडली आणि डावीकडं घातली. अप्पा लिंगायत, शरणांच्या विचाराचे. मुहूर्त, वास्तू, डावं-उजवं यांतलं ते काही मानत नसत, आणि मानत नाही हे मोठ्यानं सांगत. चूल त्यामुळं ईशान्य कोपऱ्यात गेली. ईशान्येला विस्तव म्हणजे घरावर संकट, असं अख्खं गाव म्हणालं. अप्पा म्हणाले, भाकरी मोडायची थांबली ते बघा.

पुढं चुलीच्या जागी गॅस आला, पण जागा तीच राहिली. पूर्वेला तोंड करून अव्वा बसायची. डाव्या हाताला शेगडी, उजव्या हाताला पिठाचा डबा आणि पाण्याचं भांडं, समोर भाकरी थापायची लाकडी काटवट. पीठ घ्यायचं, पाणी घालायचं ते उजव्या हातानं; थापायचं, उचलायचं, तव्यावर टाकायचं ते डाव्या हातानं. जन्मभर त्याच जागी, त्याच क्रमानं.

अप्पा गेले आणि त्यानंतर काचबिंदूनं तिचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. शेवटी उजेड आहे की अंधार, तेवढंच कळायचं. तरीही ती भाकरी करायची आणि ती बघायला गावातल्या बाया यायच्या. भाकरी फुगली हे ती वासावरून ओळखायची आणि उलटायची वेळ आवाजावरून. तव्याला तिचा हात कधी लागला नाही. नातेवाईक यायचे आणि काळजीनं सांगायचे, की आता बसून राहा, पुष्कळ केलंत. तिला त्याचा राग यायचा. मलाही तिनं एकदा सुनावलं होतं.

"जवर रांधायलेय तवर मी हाय. त्याच्या म्होरं मला काय इचारू नगा."

मी तिची एकुलती. लग्न केलं नाही. आधी बरीच वर्षं कलबुर्गीला एका कॉलेजच्या ऑफिसात होते, मग बदली होऊन बिदरला आले. इथं राहायचे ते दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा अरुंद, की डोळस माणूससुद्धा भिंतीला धरून चढायचा. अव्वाला तिथं आणणं शक्य नव्हतं. गावचं घर वाटणीत चुलतभावाकडं गेलेलं. तो भला माणूस; काकू आहे तोवर कुणी हात लावायचा नाही, असं त्यानंच म्हटलं होतं. पण त्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मागच्या खोल्यांची त्याला गरज लागली. तो काही बोलला नाही. फक्त परसात विटा येऊन पडल्या, आणि आम्हाला समजायचं ते समजलं.

म्हणून हे घर. तळमजला, पुढं दोन पायऱ्या, त्याही मी बुटक्या करून घेतलेल्या. बाकी रंग, फरश्या, खिडक्या, कशालाच माझी अट नव्हती. अट एकच, की स्वयंपाकघर अव्वाच्या गावच्या स्वयंपाकघरासारखं हवं. जसंच्या तसं.

बिल्डर आमच्याच बाजूचा. ऑफिस कलबुर्गीला, पण मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्यासारखं बोलणारा, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. माझी अट ऐकून तो स्वतः माझ्याबरोबर खटकचिंचोळीला आला. अव्वाच्या शेजारी मांडी घालून बसला. तिनं हात पसरून दाखवलं, इथं हे, तिथं ते, आणि त्यानं टेप लावून तिच्या हाताची पोच मोजली, बसल्यावर कोपर किती उंचावर येतो ते मोजलं. मग तिनं त्याला जेवू घातलं. गरम भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. तो जेवला आणि जाताना तिच्या पाया पडला.

"अव्वा, तुमाला कायबी तरास व्हणार न्हाई असं बशिवतो बगा," तो म्हणाला.

आमच्या ऑफिसात मी कागदाशिवाय कुणाचं काही ऐकत नाही. मुलं मला त्यासाठी नावं ठेवतात. पण ज्यानं आईच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्या पायाला हात लावला, त्याच्याकडून हे लिहून घ्या असं आमच्या भागात कुणाला सुचत नाही. सुचलं तरी तोंडातून निघत नाही. त्याचा अपमान होतो आणि जेवू घालणाऱ्याचाही होतो. उजवं कुठलं आणि डावं कुठलं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी रिकाम्या स्वयंपाकघरातूनच मी त्याला फोन लावला. मी भांडायच्या तयारीनं होते. तो आनंदात होता.

"बगितलंत व्हय अक्का? मी आधी सांगणारच न्हवतो. म्हणलं, बगून खूश व्हतील."

मग त्यानं समजावून सांगितलं. अव्वांना दिसत नाही, त्यामुळं गावाकडं सगळं उलटसुलट मांडलं गेलंय, शेगडी ईशान्येला आणि पाणी आग्नेयेला. माउलीला कोण सांगणार? त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. म्हणून त्यानं कलबुर्गीच्या एका जाणत्या माणसाला नकाशा दाखवला, मोरीचा पाइप आधी एकीकडं टाकला होता तो काढून दुसरीकडं टाकला, आणि सगळं सरळ करून दिलं. वरचा खर्च त्यानं स्वतः सोसला. माझ्याकडं मागणार नव्हता, सांगणारही नव्हता.

मी म्हटलं, अण्णा, ती डावखुरी आहे. डोळे होते तेव्हापासून ते तसंच आहे.

पलीकडून तो म्हणाला, "असं व्हय? ते मला दिसलं न्हाई बगा."

तिच्या शेजारी बसून तो भाकरी खात होता, ती एकामागून एक थापत होती, आणि डोळे असलेल्या माणसाला दिसलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्याच्या आवाजात खोट नव्हती. खोट असती तर मला बरं झालं असतं, कारण मग भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कलबुर्गीला गेले. त्याचं ऑफिस डाळ मिलच्या मागच्या गल्लीत आहे. तुरीच्या भुशाचा वास तिथल्या पडद्यांनासुद्धा येतो. त्यानं मला पंख्याखाली बसवलं, चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीची भजी मागवली, मी नको म्हणत असताना पोरासारखा आग्रह करून खायला लावली. मग म्हणाला, अक्का, चूक माझी. आत्ता फोडतो. आणि माझ्यासमोर त्यानं गवंड्याला फोन केला.

गवंड्यानं जे सांगितलं ते मी फोनमधून ऐकत होते. माझी मोरी आणि शेजारच्या घराची मोरी एकाच भिंतीला लागून, दोन्हींचं पाणी एकाच चेंबरात जातं. ते चेंबर त्यांच्या फरशीखाली आहे. मोरी उजवीकडं न्यायची तर आधी त्यांची फरशी फोडावी लागेल. आणि ते लोक तर राहायला आलेत.

बिल्डरनं माझ्याकडं बघितलं. तोही खरंच कष्टी झाला होता. ते हो म्हणाले तर उद्या सकाळी माणसं पाठवतो, म्हणाला. मी दुसरं घर मागितलं. चारही घरांत तेच होतं. घरच नको म्हटलं तर त्याचीही त्याला हरकत नव्हती. पैसे देईन म्हणाला, हे घर दुसऱ्याला विकलं गेलं की. बँकेनं कर्जाला दिलेली मुदत तोवर थांबणार नव्हती आणि चुलतभावाच्या विटाही थांबणार नव्हत्या. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्यानं हात जोडले. मी काय करणार, मीही जोडले. येताना त्यानं अव्वासाठी पेढ्यांचा पुडा दिला.

परतीच्या वाटेवर मी स्वतःशी भांडत आले, कारण दुसरं कुणी मिळालं नव्हतं.

त्याच संध्याकाळी शेजारी गेले. घरातल्या बाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. दारावर तोरण अजून सुकायचं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "अरेरे" म्हणाल्या. अव्वाची त्यांना खरोखर दया आली. मग त्यांनी आतून सुनेला हाक मारली. सून आली, पोटावर हात ठेवून, सातवा महिना लागलेला. बाई म्हणाल्या, तुम्हीच सांगा, घरात पोटुशी असताना फरशी कशी फोडू? आम्ही भिंतीला खिळा ठोकत नाही.

अप्पा असते तर काही बोलले असते. सून माझ्या पाया पडली आणि मला तिला आशीर्वाद द्यावा लागला. सगळं नीट होईल, असं मी त्या पोरीला सांगून आले.

मग मी एकटीनंच काहीबाही करून बघितलं. किल्ली घेऊन रिकाम्या घरात गेले आणि कट्ट्यापुढं मांडी घालून बसले. डोळे मिटले. आपण अव्वा आहोत असं धरून हात फिरवले. डावीकडं मोरीच्या पलीकडं लगेच दार होतं, तिथं वेगळी शेगडी ठेवायला जागा नव्हती. मोरीवर फळी टाकावी तर पाणी कुठं सांडायचं? पाठीमागच्या भिंतीला फ्रिजची जागा आणि पाण्याचं पिंप. मध्ये एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. मी फरशीवर खडूनं चौकोन आखले, पुसले, पुन्हा आखले. वॉचमन दारात येऊन काही हरवलंय का म्हणून विचारून गेला.

हे सगळं चालू असताना अव्वाला मी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवून रविवारी गावी गेले होते. ती डबे पुसून, गाठोडी बांधून बसली होती. काटवट तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती. नव्या घरात पहिल्या दिवशी कुणाकुणाला जेवायला बोलवायचं ते तिनं ठरवलं होतं. शेजारच्या तिन्ही घरांना. मी जेवले आणि परत आले.

रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी चुलतभाऊ तिला त्याच्या गाडीतून मैलूरला घेऊन आला. तो बाहेरच थांबला. मी तिचा हात धरून आत नेलं. पायऱ्या तिला आवडल्या. भिंतीवरून हात फिरवत ती चालली होती, रंगाचा वास येतोय म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात तिनं माझा हात सोडला. तिथून पुढं तिला माझी गरज नव्हती, असं तिला वाटत होतं. मी आणून ठेवलेला चौरंग पायानं चाचपून ती कट्ट्यापुढं बसली, पदर खोचला आणि डावा हात शेगडीसाठी पुढं केला.

हात मोरीत पडला. नळ ठिबकत होता, तळ ओला होता. तिनं हात काढून घेतला नाही. तो तिथंच ठेवून उजवा हात हळूहळू कडप्प्यावरून सरकवत नळीपर्यंत नेला. गॅसची चावी तिच्या बोटांना लागली. तिनं ती फिरवली आणि परत बंद केली.

"उलटं हाय," ती म्हणाली.

"व्हय अव्वा."

"कामून?"

मी सगळं सांगितलं. ईशान्य, आग्नेय, पाइप, शेजारची सून. माझा आवाज चढत गेला. ती मान खाली घालून ऐकत होती. बिल्डरनं मुद्दाम केलं का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठी केलं म्हणतोय.

"तुझ्या अप्पानं फिरवली व्हती. त्यानं परत फिरवली," ती म्हणाली आणि थोडंसं हसली.

मला ते हसू सहन झालं नाही. मी तिथंच फरशीवर तिच्याशेजारी बसले. उद्या सही करत नाही म्हणाले. जे व्हायचं ते होऊ दे, पैसे बुडू देत, आपल्याला हे घर नको.

"मग जावं कुटं?" तिनं विचारलं.

ती वाद घालत नव्हती. माझ्याकडं काही दुसरं असेल तर ते तिला ऐकायचं होतं. बाहेर गाडीचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला; चुलतभाऊ कंटाळून उतरला असेल. तिनं ओला हात पदराला पुसला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"सही कर जा. हात शिकतो."

रजिस्ट्री ऑफिसात दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं होतं, त्यामुळं दुपारपर्यंत बाकावर बसून राहिलो. बिल्डर वेळेवर आला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्यानं अव्वासाठी सावलीत खुर्ची आणवली. आमचा नंबर आला तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघत कन्नडमधून विचारलं, ठरल्याप्रमाणं घर बांधून मिळालंय ना, काही तक्रार नाही ना. प्रत्येकाला विचारतात तसं. बिल्डर माझ्याकडं बघत नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

मी "हौदु" म्हटलं. हो, मिळालंय. आणि बोट मशीनवर ठेवलं.

अव्वानं खरंच शिकायचा प्रयत्न केला. हे मला उशिरा कळलं, कारण ती मी ऑफिसला गेल्यावर करायची. घरी आले की काटवट ओली असायची आणि पिठाचा कण कुठं नसायचा. ती शेगडी बंद ठेवून, पिठावाचून, नुसते हात फिरवून बघत होती. पाणी डावीकडं, विस्तव उजवीकडं. नवशिक्या पोरीसारखं. पहिल्या दिवशी सगळ्या घरांना जेवायला बोलवायचं राहिलंच. थोडी घडी बसू दे, ती म्हणाली होती.

मग तिनं पीठ घेतलं. मी समोर होते तो दिवस रविवार. तिनं मला कट्ट्यापासून लांब बसायला सांगितलं. पहिली भाकरी तिनं डाव्या हातानं थापली, उचलली, उजवीकडं तव्याकडं न्यायला गेली आणि ती मधूनच मोडली. तिनं तुकडे गोळा केले, परत मळले. दुसऱ्यांदा उजव्या हातानं थापायला घेतली. तो हात तिला जेवायला आणि विभूती लावायला शिकवलेला होता, थापायला नाही. भाकरीला कडाच येईनात. मी उठले तर ती म्हणाली, बस. तिसरी कशीबशी तव्यावर पडली. तिच्यावर फिरवायला पाणी घ्यावं म्हणून उजवा हात सवयीनं पाण्याकडं गेला.

तिथं तवा होता.

ती हात पदरात घेऊन बसून राहिली आणि मी दाखव म्हणत होते तर दाखवेना. तव्यावरची भाकरी करपत होती आणि मी ती काढायचीसुद्धा विसरले. रडू मला आलं नाही. इतका राग आला, की काहीतरी उचलून भिंतीवर आपटावं, आणि त्या घरात आपटण्यासारखं जे काही होतं ते सगळं माझ्याच सहीनं घेतलेलं होतं.

हात बरा झाला. त्यानंतर तिनं काटवटीचं नाव काढलं नाही. एक दिवस म्हणाली, आता तूच करत जा, मला कंटाळा येतो. तिला कधी कंटाळा आल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी बरं म्हटलं. शेजारणीला नातू झाला तेव्हा त्या पेढे घेऊन आल्या. आता हवं तर फरशी फोडा म्हणाल्या, पण बाळाला धुळीचा त्रास होईल, जरा मोठा होऊ दे. तेही खरंच होतं. तो आता रांगतो.

बिल्डर मध्ये एकदा नवीन गिऱ्हाइकांना घेऊन आला. अव्वाच्या पाया पडला. त्या लोकांना त्यानं आमचं स्वयंपाकघर दाखवलं, बुटका कट्टा दाखवला, घासलेल्या कडा दाखवल्या. जमतंय ना, असं त्यानं तिला विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज बारीक झाला होता. तिनं जमतंय म्हटलं, फार छान केलंत म्हटलं. त्याला बरं वाटलं. तिथं तिला खोटं पाडायला माझीही जीभ उचलली नाही.

भाकरी मी करते. माझ्या भाकऱ्या जाड होतात, कडेला कच्च्या राहतात. तिनं आजवर एका शब्दानं नाव ठेवलं नाही, आणि तिनं ठेवावं म्हणून मी कधीकधी मुद्दाम विचारते. चांगल्या झाल्यात म्हणते. पूर्वी माझ्या हातच्या पोह्यांनासुद्धा ती काय काय बोलायची.

परवा मी पीठ मळत होते. पाठीमागं चाहूल लागली म्हणून वळून बघितलं, तर ती दारात उभी होती, चौकटीला हात लावून. पाय उंबऱ्याच्या बाहेर.

"आत येऊ का गं?" तिनं विचारलं.

मी ये म्हणाले. हात पिठानं माखलेले होते, ते धुवायला मी नळ सोडला. तिला काय वाटलं कोण जाणे, मी कामात आहे असं वाटलं असेल.

"न्हाई, तुजं व्हऊ दे," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून हॉलमध्ये जाऊन, पाहुणी बसते तशी खुर्चीच्या कडेवर बसली.